मागच्या खोलीची पाटी

तंजावर
२८ डिसेंबर २०२४

चि. नागूस अनिरुद्धाचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तर आता लिहितो आहे, याबद्दल रागावू नकोस. दोनदा लिहायला बसलो होतो. एकदा पित्तानं डोकं धरलं आणि एकदा पाऊस आला, तेव्हा सोप्यात छत गळतं तिथं पातेली लावत बसलो. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की शेजारच्या मोबाइल दुकानातली पोरं भांडण समजून बघायला येतात. म्हणून पत्रच बरं. पत्ता बरोबर आहे ना? तुझ्या सतीशनं घर बदललं असेल तर हे कुणाच्या हाती पडेल कोण जाणे.

आता मुख्य गोष्ट. चेन्नैला जुनी घरं सांभाळणारी एक संस्था आहे. त्यांच्याकडून वाणी नावाची एक मुलगी आली होती. शिकलेली आहे, घरांचे नकाशे काढते. आपल्यातलीच आहे, पण मराठी नुसतं समजतं, उत्तर तमिळमध्ये देते. तिनं रस्त्यावरून घराचे फोटो काढले. तिण्णैवर, म्हणजे आपल्या पुढच्या ओट्यावर, हात फिरवून बघितला. म्हणाली, इंग्रजांनी इथलं राज्य खालसा करण्याच्या आधीचं घर आहे, अशी आता गावात थोडी उरली. त्यांच्या समितीनं मान्य केलं तर छत, तुळया, गळती सगळं ते त्यांच्या खर्चानं नीट करतील. आम्ही दोघांनी इथंच राहायचं. शनिवार-रविवार लोक घर बघायला येतील. नंतर मात्र घर कधी विकायचं नाही, पाडायचं नाही, आणि दोन्ही मालकांची सही लागेल. बाबांनी अर्धं घर लेकीच्या, म्हणजे तुझ्या नावानं ठेवलं आहे, म्हणून तुझी सही.

दुसरीकडे ते मोठ्या कापड दुकानाचे लोक रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसतात. त्यांना हे घर पाडून गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला जागा करायची आहे. हरिप्रसाद बेंगळूरहून सांगतो, अप्पा, विकून टाका, इकडे फ्लॅट घेऊ. नागू, मला लिफ्टची भीती वाटते. मी या घरात जन्मलो, इथूनच जावं एवढीच इच्छा आहे. आता समितीनं घर घेतलं नाही तर मी हरीला किती दिवस नाही म्हणू?

वाणी पोंगलनंतर आतून घर बघायला येणार आहे. मला त्याचीच काळजी लागली आहे. आत येऊन तिनं नाक मुरडलं तर? घराला थोडी कळा आणायला हवी. भोगीच्या आधी काय करता येईल ते बघतो.

वत्सलेचे तुला नमस्कार. सहीचं काय ते कळव.

तुझा
अण्णा


कोल्हापूर
७ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णास नागूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. सतीशनं घर बदललेलं नाही. तू दर पत्रात विचारतोस म्हणून कधी वाटतं, खरंच बदलावं.

मला ऐकू येत नाही हे खरं आहे. घरातल्यांना वाटतं, मला समजतही नाही. त्याचे फायदे आहेत. माझ्यासमोर सगळे सगळं बोलतात.

तुझ्या पत्रात एकच वाक्य मला आवडलं नाही, ते कळा आणण्याचं. अण्णा, तू काहीही करू नकोस. ती मुलगी जुनं घर बघायला येते आहे, तिला जुनं घर दाखव. इथं एका देवळाच्या दगडी खांबांना भक्तांनी हौसेनं ऑइलपेंट दिला. आता तो दुसरे भक्त ब्लेडनं खरवडत बसले आहेत. भोगीला फाटक्या चटया जाळ, मोडक्या टोपल्या जाळ, पण भिंतींना हात लावू नकोस. काजळी असेल तर असू दे. वहिनीला हे वाचून दाखव, ती तुझ्यापेक्षा लवकर ऐकते.

सहीला माझी ना नाही. तुला तिथं राहायचं असेल तर राहा. मला परत तिथं यावंसं वाटत नाही, इतकंच. त्याचं कारण विचारू नकोस, लांबलचक आहे. कागद पाठव.

नागू


तंजावर
२१ जानेवारी २०२५

चि. नागूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पोंगलच्या सुट्टीत टपाल बंद होतं, त्यामुळे ते सुट्टी संपल्यावर, कनु पोंगलनंतर आलं, आणि तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता काय झालं ते सांगतो. आधीच सांगतो, शेवट वाईट नाही.

पाहुणे यायचे तर घर रंगवून ठेवावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मुंजीला रंगवलं, लग्नाला रंगवलं, दर भोगीला चुना दिला. मी तेच केलं. त्यागराज पेंटरला बोलावलं. सोप्यातले लाकडी खांब काळे पडले होते, त्यांना चंदनी रंगाचा ऑइलपेंट दिला. चौकाभोवतीच्या भिंतींना प्लास्टिक पेंट, फिकट हिरवा. सोप्यातली जुनी लाल जमीन मध्ये मध्ये उखडली होती, तिच्यावर पांढऱ्या चकचकीत फरशा बसवून घेतल्या. घर लग्नघरासारखं दिसायला लागलं. वत्सला म्हणाली, "अहो, एवढं झकास केलंत, आता ती मुलगी म्हणेल यांना मदत कशाला हवी." मी म्हटलं, तू गप्प बस. भोगीच्या दिवशी रंग संपला, दुकानं बंद. विहिरीकडची मागची खोली तेवढी राहिली. त्यागराज म्हणाला, "तिकडं कोण बघतं, सार?" मलाही ते पटलं.

वाणी आली, चप्पल काढून सोप्यात उभी राहिली आणि खांबांवरून, फरशांवरून नजर फिरवत राहिली. मला वाटलं, खूश झाली. मी म्हटलं, कसं आहे? ती खांबाला बोट लावून बघत होती. म्हणाली, "मामा, हे कधी केलंत?" मी अभिमानानं सांगितलं, तुमच्यासाठीच केलं, मागच्या आठवड्यात. ती ओट्यावर जाऊन बसली. वत्सलेनं कॉफी दिली ती तशीच गार झाली.

मग तिनं समजावून सांगितलं, पण रागावून नव्हे. म्हणाली, "रंग काढता येईल, वेळ लागेल. फरशाही काढता येतील. पण समितीसमोर आज मी काय ठेवू? फोटोत हे घर दहा वर्षांपूर्वी बांधलेलं दिसेल." मी आत गेलो. रक्तदाबाची गोळी घेतली. मला वाटलं, मीच माझ्या हातानं घर कापडवाल्यांना दिलं.

जाता जाता ती हात धुवायला विहिरीकडे गेली आणि मागच्या खोलीत डोकावली. तिथंच थांबली. मला हाक मारली, "मामा, इकडे या." त्या खोलीत कुणी काही केलेलं नाही. जुना चुन्याचा गिलावा, वरची काजळी, दिव्याचा कोनाडा, मातीची जमीन, सगळं तसंच. आणि पश्चिमेच्या भिंतीवर, जमिनीपासून थोडं वर, एक हातभर रुंद जागा गुळगुळीत आहे. काचेसारखी चकाकते. बाकी भिंत काळी आणि तेवढाच तुकडा हस्तिदंती. तिनं त्यावर बॅटरी मारली. म्हणाली, घासून घासून असा गिलावा झालेला मी कुठं पाहिला नाही, हे कशानं झालं?

मी सांगितलं, ही भाताची खोली. इथं पोती रचायचो, ती ओढता-ठेवताना भिंतीला घासायची. तसं ते खोटं नाही, नंतर आपण भात ठेवतच होतो तिथं. ती म्हणाली, "पोती इतकी खाली?" मी म्हटलं, बसकी पोती होती. तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "या एका खोलीवर मी घर मान्य करून घेते." नागू, माझा जीव भांड्यात पडला.

आता प्रत्येक खोलीवर एक छोटी पाटी लागणार. मागच्या खोलीवर लिहिणार, धान्याची खोली. संमतीचा कागद सोबत पाठवतो आहे. जिथं पेन्सिलनं खूण केली आहे तिथं सही कर आणि लगेच पाठव. रजिस्टर पोस्टानं पाठव, साधं पाठवू नकोस.

तुझा
अण्णा


कोल्हापूर
१ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,

कागद मिळाला. सही केलेली नाही.

भाताची पोती?

त्या खोलीत आत्या राहायची. बाबांची थोरली बहीण. तुला हे ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की तुला हे ठाऊक आहे. लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला, अजून न्हाणही आलं नव्हतं. केस काढले, लाल आलवण नेसवलं आणि त्या खोलीत आणून बसवलं. तेव्हापासून मरेपर्यंत ती तिथंच होती. पुढे पाहुणे असले की मधल्या दाराच्या या बाजूला यायचं नाही. आपल्या घरात पुढच्या दारानं ती बाहेर गेली ती एकदाच, आणि तेव्हा तिला चौघांनी उचललं होतं. त्यानंतर तुमचं भात आलं.

मी का येत नाही ते विचारू नकोस म्हटलं होतं. आता न विचारता सांगितलं.

घर जपायचं असेल तर जपा. त्या खोलीवर भात लिहिणार असाल तर माझी सही मिळणार नाही.

नागू


तंजावर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. नागूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. वत्सलेनं विचारलं, काय लिहिलं आहे, मी सांगितलं, तब्येत विचारली आहे.

तू म्हणतेस ते सगळं मला आठवतं. मी काय विसरलो आहे? पण ते त्या काळचं. बाबांनी तिला काही कमी केलं नाही. दोन वेळचं सोवळ्यातलं जेवण, सणाला नवं लुगडं, आजारी पडली तेव्हा वैद्य. आणि नागू, असं काय आपल्याच घरात होतं? आपल्या वीधीत, या एका गल्लीत, बारा-पंधरा घरं होती आणि प्रत्येक घराला अशी एक मागची खोली होती. त्यांनी घरं विकली, दुकानं झाली, लॉज झाले, कुणी विचारत नाही. आपण घर ठेवतो आहोत म्हणून आपल्याच दारावर पाटी का? जो ठेवतो त्यानंच लाज का घ्यायची?

शनिवारी शाळेची मुलं येतील. त्यांच्या बाई मोठ्यानं वाचून दाखवतील. मी ओट्यावर बसलेला असेन. ती मुलं माझ्याकडे बघतील. बाबांकडे बघतील, त्यांचा फोटो सोप्यात आहे. बाबा या गावात किती मान राखून होते तुला ठाऊक आहे. हरीच्या मुलीला स्थळं बघणं चालू आहे, तिकडची माणसं घर बघायला येतील तेही पहिल्यांदा ही पाटीच वाचतील. मला याचा विचार करून करून झोप लागत नाही.

मी एक मार्ग काढला आहे. पाटीवर "घरातल्या स्त्रियांची खोली" असं लिहिलं तर? ते खोटं नाही. कुणाला बोचणार नाही. वाणीला सांगतो की भात नंतर ठेवायचो. तू एवढ्यावर सही कर.

समिती मार्चच्या शेवटी बसणार आहे. कापडवाले रोज येतात. आता त्यांनी हरीचा फोन नंबरही मिळवला आहे. वत्सला त्यांना कॉफी देते ती बिनसाखरेची. म्हणते, "रोज येणाऱ्याला डायबेटिस होऊ नये." पण ते तीही पितात. तुझी सही वेळेवर आली नाही तर मी काय करू ते तूच सांग.

अण्णा


कोल्हापूर
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास साष्टांग नमस्कार.

रागावून लिहिलं होतं, आता शांतपणे लिहिते.

घरातल्या स्त्रिया त्या खोलीत राहत नव्हत्या. आई माजघरात झोपायची. वहिनी आली तेव्हा तिला माडीवरची खोली दिली. तिथं एकच बाई राहत होती. तिला पुन्हा गर्दीत ढकलू नकोस.

ती गुळगुळीत जागा कशी झाली ते मला माहीत आहे, कारण मी तिथं होते. दर गुरुवारी सोप्यात भजन असायचं. तिरुवैयारूहून मंडळी यायची, बाबा झांजा घ्यायचे, तू पुढे बसून पेंगायचास. मधलं दार तेवढ्यापुरतं अर्धं उघडं ठेवायचे. तिला ऐकू यावं म्हणून. ती पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसायची, तिथून त्या फटीतून समईचा उजेड दिसायचा, माणसं दिसायची नाहीत. टाळ्या वाजवायला तिला बंदी होती असं नाही, पण ती वाजवायची नाही. पाठीनं ताल धरायची. मागे भिंतीला, पुढे, मागे भिंतीला. मी तिच्या मांडीवर असायची. मला तो झोका वाटायचा. आत्याच्या पाठीची ती सवय इतकी पक्की होती की भजन नसलं तरी ती तशीच डुलत बसायची, तांदूळ निवडतानासुद्धा. माझा जन्म व्हायच्या आधीपासून ते चालू असणार. तू म्हणतोस तशी बसकी पोती मी कुठल्या घरात पाहिली नाहीत. जमिनीवर बसलेल्या बाईच्या पाठीला ती जागा बरोबर लागते. खोटं वाटत असेल तर वहिनीला तिथं बसवून बघ.

लाजेचं तू लिहिलंस ते मला कळतं. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, मुलं पाटी वाचून कुणाकडे कशी बघतात ते मला ठाऊक आहे. थोडा वेळ बघतात. मग त्यांना भूक लागते. तू तेवढा वेळ बसून राहा.

सतीश म्हणतो, मामांना सांग, विकून टाका. तुझ्या हरीचं आणि त्याचं फोनवर बोलणं झालेलं दिसतं. माझ्यासमोरच बोलत होता. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. पण अण्णा, गाड्या लागल्या तरी मला चालेल. त्या खोलीवर भात लिहून घर उभं राहण्यापेक्षा ते मला बरं वाटतं.

संमतीच्या कागदावर सही करून ठेवली आहे. तो माझ्या कपाटात आहे. पाटीवर काय लिहिणार ते तुझ्या हातानं लिहून पाठव, मी तो त्याच दिवशी रजिस्टर करते.

वहिनीला नमस्कार. बिनसाखरेची कॉफी चालू ठेवायला सांग.

नागू


तंजावर
१६ मार्च २०२५

चि. नागूस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पुन्हा उशीर झाला. या वेळी तब्येतीचं कारण नाही.

तुझं पत्र वत्सलेला वाचून दाखवलं. ती फक्त तमिळ वाचते, म्हणून तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. आधीच्या एका पत्रातल्या काही ओळी गाळल्या होत्या, एक तर वाचलंच नव्हतं. हे सगळं वाचलं. ती उठून कढीपत्ता तोडायला गेली. आत्या गेली त्यानंतर दोन वर्षांनी ती या घरात आली, तिनं आत्याला पाहिलेलं नाही. तिला आम्ही कधी सांगितलंही नव्हतं. ती खोली भाताचीच, असं तीही पन्नास वर्षं समजत होती.

मागच्या आठवड्यात वाणी पाट्यांचा मजकूर घेऊन आली. तमिळ आणि इंग्रजी तिनं लिहून आणलं होतं, मराठी माझ्याकडून हवं होतं. आम्ही मागच्या खोलीत उभे होतो. तिनं वाचून दाखवलं, धान्याची खोली, पिढ्यान् पिढ्यांच्या सुगीच्या पोत्यांनी भिंत गुळगुळीत झाली आहे. ऐकायला चांगलं होतं. मी तेच मराठीत लिहायला चष्मा लावला. तुझ्या पत्राचा विचार मनात होता, नव्हता असं नाही. पण ती मुलगी समोर आणि समिती पंधरवड्यावर. मला वाटलं, आज लिहून देऊ, उदईक नागूला काहीतरी समजावू.

तेवढ्यात वत्सला आत आली. हातात तांदूळ निवडायचं सूप होतं. ती सरळ जाऊन त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिचे गुडघे दुखतात, ती खाली बसत नाही. बसली, मागे-पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, बघा. बरोबर बसतंय."

वाणीनं विचारलं, "मामी, काय बसतंय?"

वत्सला म्हणाली, "यांना विचार."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली आणि मग उंबऱ्यावर बसलो. तू लिहिलंस ते सगळं सांगितलं. केस, आलवण, मधलं दार, गुरुवारचं भजन, पाठीचा ताल. पोत्यांची गोष्ट मीच रचली हेही सांगितलं. मला वाटलं होतं की ती उठून जाईल, आधी रंग दिला, आता थापा मारल्या, अशा माणसाचं घर कोण घेणार. ती म्हणाली, "पोती इतकी खाली कशी, हे मला तेव्हाच कळत नव्हतं मामा. तुम्ही मोठे, म्हणून लिहून घेतलं." मी विचारलं, आता समिती नाही म्हणेल का? ती म्हणाली, "समिती काय म्हणेल ते समिती म्हणेल. पण आता मला त्यांना सांगायला जास्त आहे, कमी नाही."

तिनं आपल्या कागदावरच्या त्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहायला लागली. या खोलीत. एवढं लिहून थांबली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पेर?" म्हणजे नाव.

नागू, मला नाव आलं नाही.

मी आत्या म्हटलं. ती म्हणाली, आत्या हे नातं झालं. मी बराच वेळ आठवत बसलो. बाबा तिला अक्का म्हणायचे. आई वन्सं म्हणायची. बाकी सगळे मागची आत्या. हाक मारताना कुणी कधी नाव घेतलेलं माझ्या कानांवर नाही. ती गेली तेव्हा मी नेवेलीला नोकरीत होतो, तिचं सगळं बाबांनी केलं. वाणी पेन धरून थांबली होती. शेवटी तिनं तिथं रेघ मारून जागा सोडली.

त्यानंतर मी स्वस्थ बसलो नाही. सीतारामराव आता नव्वदीला आले, तिरुवैयारूला मुलाकडे असतात. बसनं तिथं गेलो. लहानपणी ते रोज आपल्या घरात असत. त्यांना विचारलं. म्हणाले, "आम्ही मागची आत्या म्हणायचो. तिला दुसरं नाव होतं का रे?" मग आपल्या भटजींना विचारलं. पितृपक्षात मी दर वर्षी सगळ्यांना पाणी देतो, त्यात तीही येते, म्हणून म्हटलं, यांच्या तोंडी तरी असेल. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या वेळी माझे वडील सांगत असत. तुम्हाला नाव ठाऊक नव्हतं म्हणून मी नुसतं पित्याची बहीण म्हणतो. तेवढ्यानं पोचतं, काळजी करू नका." इतकी वर्षं ते तसं म्हणत होते आणि मी पळीनं पाणी सोडत होतो. माझ्या कधी लक्षातही आलं नाही. घरी येऊन वत्सलेला सांगितलं. ती म्हणाली, "देवाला चालत असेल. पाटीला नाही चालत."

आता तूच राहिलीस. तू तिच्या मांडीवर वाढलीस, तुला तिनं कधी सांगितलं असेल. लग्नात नाव बदलतात, तेव्हा दोन नावं असतील. माहेरचं कळव, सासरचंही ठाऊक असलं तर कळव. वाणी म्हणते, माहेरचंच घालू, राहिली ती इथंच. तुला आठवत नसेल तर आईच्या तोंडचं काही आठवतं का बघ. अर्धवट आठवलं तरी लिही. आठवतच नसेल तर तसंही लिही. मग काय करायचं ते मला सुचत नाही, पण न कळण्यापेक्षा ते बरं.

पाटीचा मजकूर तू माझ्या हातचा मागितला होतास. हा घे:

"या खोलीत . . . . . . . . राहत होत्या. लहान वयात वैधव्य आल्यावर त्यांना या खोलीबाहेर मोकळेपणी वावरू दिले गेले नाही. सोप्यातले भजन त्या या भिंतीला टेकून ऐकत. भिंत त्यांच्या पाठीने गुळगुळीत झाली आहे."

शुद्धलेखन तू तपास. "दिले गेले नाही" असं वाणीनं सुचवलं, मी तसंच ठेवलं. बाबांचं नाव घातलेलं नाही, घालायला हवं असेल तर तेही कळव. पाट्या कोरायला महिन्याच्या शेवटी देणार आहेत, आणि समितीही तेव्हाच.

हरीचा काल फोन आला होता. मी त्याला सांगितलं, मला वेळ नाही, मी पत्राची वाट बघतो आहे. पोस्टमनला रोज ओट्यावर गाठतो. तो म्हणतो, "सार, आलं की मी आणून देईन, तुम्ही उन्हात उभे राहू नका." पण आत बसवत नाही.

संमतीचा कागद नंतर आला तरी चालेल. आधी नाव कळव. एका ओळीचं कार्ड टाक, आशीर्वाद-नमस्कार काही लिहू नकोस, नुसतं नाव लिही आणि आजच्या टपालात टाक.

अण्णा